पांढऱ्या पलटणीचे डोळे

चैत्र उतरणीला लागला की अमरावतीत रस्त्याच्या कडेने कूलरच्या गवताचे ढीग दिसू लागतात. गेल्या आठवड्यात आमचाही कूलर माळ्यावरून खाली आला. बाबांनी त्याच्या तिन्ही जाळ्यांत लाकडाच्या बारीक तासांचे नवे गवत बसवले, टाकी भरली, आणि पंपाने पाण्याचा पहिला घोट वर चढवताच ओल्या लाकडाचा कोवळा, किंचित आंबूस वास खोलीभर पसरला. मी त्या वेळी माझ्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण तपासत होते. पृष्ठभागावर बसणारे पातळ लेप का टिकतात आणि का सोलून निघतात, हा माझा विषय. गंधाची वाट मेंदूत स्मरणाच्या केंद्राला लागूनच जाते, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असण्याचा उपयोग मात्र काही होत नाही. वास आला, आणि मी अकोल्याला, मामांच्या घरातल्या मधल्या खोलीत पोहोचले. खिडकीत कूलर घरघरत होता, खाली चटई होती, चटईवर आमच्या फौजा होत्या, आणि मंजूताई ओठांच्या कोपऱ्यात ब्रश धरून एका घोडेस्वाराकडे रागाने पाहत होती.

आमचा छंद लोकांना समजावून सांगणे अवघड जाते. बोटाच्या पेराएवढे शिपाई, घोडे आणि तोफा रंगवायच्या. इतिहासातल्या एखाद्या लढाईचे मैदान टेबलावर मांडायचे. आणि फासे टाकत, शिंप्याच्या फितीने अंतरे मोजत ती लढाई पुन्हा लढायची. खेळ एका दुपारचा असतो, रंगवणे अनेक महिन्यांचे. एकेका शिपायाच्या पागोट्याची घडी, पट्ट्याचे बक्कल, बंदुकीच्या दस्त्यावरची लाकडाची रेघ हे सारे तिहेरी शून्याच्या, म्हणजे केसाएवढ्या टोकाच्या, ब्रशाने काढावे लागते. मामी त्यांना बाहुले म्हणत. मामा शिपुर्डे म्हणत आणि विचारत, एवढी फौज पोसून राहिल्या, तर एकाला तरी दुकानावर बसवा.

मंजूताई माझी मामेबहीण, माझ्याहून थोडी मोठी. मामांचा फुलांचा व्यवसाय आहे. गावाबाहेर मोगऱ्याचे आणि झेंडूचे वावर, बाजारात हारांचे दुकान. ताई शाळेत असल्यापासून दुकानात हार गुंफायची, आणि तेही समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलत, हाताकडे न पाहता. तिच्या बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. मी महाविद्यालयात असताना नागपूरच्या एका मित्राने थ्रीडी प्रिंटर घेतला, त्यावर काही शिपाई छापून मला पाठवले, आणि मी ते सुट्टीत अकोल्याला नेले. माझा पहिला शिपाई रंगवून झाला तेव्हा तो चिखलात पडल्यासारखा दिसत होता. ताईने त्याच वेळेत दोन रंगवले आणि दोघांनाही मिशा काढल्या. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, की सायंटिस बाई, तुमच्याले आधी आंघोळ घाला.

लढाई निवडायला आम्हाला फार दूर जावे लागले नाही. तेल्हारा तालुक्यात आडगाव आहे. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या शिवारात मराठ्यांची, मुख्यतः नागपूरकरांची, फौज आणि इंग्रज कंपनीची फौज समोरासमोर उभी राहिली, आणि आपली हरली. बाजू वाटताना वाद झाला नाही. ताईला हरणारी बाजूच हवी होती, कारण जिंकलेल्याला पुन्हा लढण्यात काय मजा, असा तिचा युक्तिवाद होता. मी कंपनीची झाले. लाल डगल्यांची माझी फौज अमरावतीत रंगू लागली, तिची अकोल्यात. आमच्यात नियम एकच होता आणि तो न बोलता ठरला होता: जिची फौज तिचाच हात. दुसरीने पाहावे, नावे ठेवावीत, हसावे. पण दुसरीच्या शिपायाला ब्रश लावू नये. कुणी लादलेला नियम नव्हता तो. वैरी कुणीतरी दुसरे असल्याशिवाय खेळाला अर्थ उरत नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होते.

तेल्हाऱ्याला लग्नाची फुले पोचवायची होती, तेव्हा एकदा आम्ही मामांच्या गाडीतून आडगावला उतरलो होतो. हिवाळ्याचे तोंड होते. काळ्या रानात कपाशी फुटलेली, मधूनमधून तूर, एका बाजूला माणूसभर उंचीची ज्वारी. पाहण्यासारखे काही नव्हते, आणि ते नसणे मी शास्त्रशुद्धपणे टिपून घेत होते: जमिनीचा उतार, ओढ्याची दिशा, ज्वारीआडून तोफ दिसेल की नाही. कापूस वेचणाऱ्या एका बाईने कंबर सरळ करून आम्हाला विचारले, काय हरवलं व पोरीहो?

“लढाई,” ताई म्हणाली.

“कोनाची?”

“आपलीच.”

बाईने मान हलवली, जणू अशी चौकशी रोज होते, आणि पुढच्या झाडाकडे वळली. परतीच्या वाटेवर ताई बराच वेळ हसत होती. त्या हिवाळ्यात तिचे पाय सुजत होते. तिने ते चपलांवर ढकलले, उभ्याने काम करण्यावर ढकलले, आणि आम्हीही ढकलू दिले.

पुढचे सगळे वेगाने झाले, आणि ते वेगानेच सांगितलेले बरे. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. काही महिने डायलिसिस झाले. मग नागपूरला शस्त्रक्रिया झाली आणि मामींची किडनी ताईला बसवली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. हे वाक्य आमच्या घराण्यात त्या वर्षी इतक्या वेळा उच्चारले गेले, की त्याला पूजेतल्या मंत्रासारखी लय आली होती. मीही ते पुष्कळदा उच्चारले आहे, आणि ते खरे होते.

त्यानंतरचा उन्हाळा म्हणजे मला आठवणारा हा उन्हाळा. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला होता आणि रुजू होण्याआधीचे दोन महिने मी अकोल्याला घालवायचे ठरवले होते. बाहेर दगड तापत होते आणि आत ताईला बंदी होती. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून तिला माती चालत नव्हती, गर्दी चालत नव्हती आणि ताजी फुलेही चालत नव्हती. मोगऱ्याचा ऐन हंगाम, लग्नसराई, घरात पहाटे कळ्यांच्या टोपल्या येत, आणि ज्या मुलीने हार गुंफत लहानपण काढले तिला दाराच्या चौकटीपलीकडून त्यांचा फक्त वास घ्यायला मुभा होती. मामा कूलरचे पाणी रोज बदलत, टाकी घासत, आणि ते करताना एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात असल्यासारखे गप्प असत.

म्हणजे हातांना करता येण्यासारखे एकच काम तिच्यापाशी उरले होते. रंगवणे. आडगावच्या तिच्या फौजेत घोडदळ आधीच पूर्ण झाले होते, तोफखाना होत आला होता. राहिली होती ती अरबांची पलटण. नागपूरच्या फौजेत पगारी अरब शिपाई होते, असे आम्ही वाचले होते. पांढरे पायघोळ कपडे, कमरेला रंगीत पट्टा, डोक्याला मुंडासे. मी जाण्यापूर्वी ही पलटण स्वतःच्या हाताने पुरी करायची आणि मग आडगाव लढायचे, एवढेच ताईला त्या उन्हाळ्याकडून हवे होते. तिने हे एकदाच सांगितले, आणि तेही दुसरीकडे पाहत.

अकोल्याच्या वैशाखात रंगवणे ही वेगळीच विद्या आहे. ॲक्रिलिक रंगातले पाणी इतक्या झपाट्याने उडते, की पॅलेटवरून शिपायापर्यंत ब्रश नेईतो टोकावरचा थेंब साय धरतो. म्हणून आम्ही एका जुन्या डब्यात ओला स्पंज घालून त्यावर बटर पेपर पसरत असू; खालून ओल मिळत राही आणि रंग तासभर जिवंत राही. ताई त्याला रंगाचा आयसीयू म्हणायची. तिला रुग्णालयातले सगळे शब्द आता विनोदासाठी हाताशी होते. मैदानाची तयारीही चालू होती. ज्वारीचे शेत कशाचे करावे, यावर ताईने काथ्याचे पायपुसणे शोधून काढले. ते कापून उभे केले की पिकलेल्या धांड्यांसारखे दिसते. मामी दोन दिवस पायपुसणे शोधत होत्या. शेवटी ते त्यांना चटईवर सापडले, घोडदळाच्या डाव्या बगलेवर, आणि त्या म्हणाल्या, की आता पाय काय तुमच्या इंग्रजाले पुसू?

त्या उन्हाळ्यातली एक गंमत मला अजून जशीच्या तशी आठवते, कदाचित ती गंमत होती म्हणूनच. रंगलेल्या शिपायांवर शेवटी व्हार्निशचा फवारा मारतात, म्हणजे हाताळताना रंग निघत नाही. ताईला घोडदळावर तो मारायचा होता. बाहेर अंगणात मारावा, तर त्या उन्हात फवाऱ्याचे थेंब हवेतच वाळत आणि घोड्यांवर पिठासारखे पडत. म्हणून तिने तो घरात, कूलरसमोर बसून मारला, कारण दुपारच्या वेळी त्या घरात माणूस बसू शकेल अशी दुसरी जागाच नव्हती. काही क्षणांत सगळे घोडदळ धुक्यात गेले. निळ्या झुली, तांबडी पागोटी, काळेभोर घोडे, साऱ्यांवर पांढरट साय आली. मी कारण सांगितले: द्रावक उडताना लेप गार होतो, कूलरच्या दमट हवेतले पाणी त्यात अडकते, आणि वाळलेल्या लेपात सूक्ष्म पोकळ्या राहून प्रकाश विखुरतो. ताईने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, हे फवारा मारायच्या आंदी सांगता नसतं आलं काय? तेव्हा मी आंघोळीला गेले होते. त्या पोकळ्या तेलाने भरल्या तर धुके जायला हवे, असा माझा तर्क. मामींची खोबरेल तेलाची बाटली आणली, ब्रशाने एका घोड्याला अगदी पातळ हात दिला, आणि डोळ्यांदेखत तो घोडा धुक्यातून बाहेर आला. ताई मग दुपारभर चंपी करत बसली. घोडदळ पुन्हा रंगात आले. फक्त त्यानंतर कित्येक दिवस त्याला मामींच्या वेणीचा वास येत असे.

घोडदळ आजारपणाच्या आधी रंगवलेले होते. हे इथे सांगायला हवे, कारण तेलाचा तो हात देताना ताईचा ब्रश थरथरत होता, आणि मी ते पाहिले होते.

शरीराच्या संरक्षक पेशींना आपले आणि परके एवढाच फरक कळतो. आईची किडनीसुद्धा त्यांच्या लेखी परकीच. त्यांनी हल्ला करू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी गोळी घ्यावी लागते, आणि ती आयुष्यभर. ताईच्या गोळीचा एक परिणाम असा होता, की हात कापत. कप धरताना कळण्याइतके नाही, सही करताना थोडे, पण तिहेरी शून्याच्या ब्रशाच्या टोकाशी तो कंप भूकंपासारखा दिसे. डॉक्टरांनी मात्रा शक्य तितकी कमी केली होती. त्याखाली जाता येणार नव्हते. त्यांच्या दृष्टीने हा किरकोळ परिणाम होता, आणि त्यांच्या फूटपट्टीवर तो किरकोळच होता.

पांढरा रंग सर्वांत कठीण. तो नुसता फासला तर शिपाई चुन्यात बुडवल्यासारखे दिसतात. राखाडी-तपकिरी छायेपासून सुरुवात करून, कपड्याच्या घडीघडीवर थर उजळत न्यावा लागतो, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर आणि गुडघ्यावर, केसाएवढा. आमच्यात यावर भांडण झाले. मी म्हणत होते, सावलीत निळसर छटा हवी. ती म्हणत होती, कापडाचा पांढरा कापसाचा असतो, त्याच्या पोटात पिवळा असतो, आणि निळा पांढरा तो मोगऱ्याचा. शेवटी आम्ही दाराशी जाऊन उभ्या राहिलो. पलीकडे मामी कळ्या निवडत होत्या. अंगावर धुवट सुती पातळ, ओंजळीत कळ्या. दोन पांढरे शेजारी शेजारी होते. ताईने खूप वेळ पाहिले. ती रंग पाहत होती की आईच्या पातळाखालचा तो कंबरपट्टा, जो मामी शस्त्रक्रियेनंतर अजून बांधत होत्या, हे मला सांगता येणार नाही.

छाया आणि मोठे थर तिने रंगवले. ते कापऱ्या हातानेही साधते. चूक झाली तर पुढच्या थराखाली जाते. दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवायची, कोपरे मांडीवर रोवायची, श्वास सोडताना ब्रश टेकवायचा, असे सगळे उपाय आम्ही केले. पलटण उजळत गेली. राहिले ते चेहरे आणि चेहऱ्यांवरचे डोळे. डोळ्याला दुसरी संधी नसते. आधी पापणीएवढी पांढरी रेघ, मग तिच्यात काळा ठिपका. ठिपका जरा सरकला की शिपाई तिरळा होतो किंवा दचकलेला दिसतो. ताईचा पहिला दचकला. दुसराही. तिने दोघांचे चेहरे पुसून काढले, आणि असे कितीदा केले याचा हिशेब मी ठेवला नाही.

आणि मग एका संध्याकाळी तिने एक चेहरा नीट काढला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मला मनापासून आनंद झाला. त्या चेहऱ्यांना ताईचा जुना हात होता: भुवया जरा चढलेल्या, नजर थेट, शत्रूला फारशी किंमत न देणारी. ती म्हणाली, सवय होऊन राहिली व. मी ते मान्य केले. सरावाने मज्जासंस्था जुळवून घेते, हे शक्य होते.

पण माझा स्वभाव आलेख काढण्याचा आहे, कागदावर नसला तरी डोक्यात. तिचा हात सकाळी गोळीनंतर जास्त कापे, संध्याकाळच्या गोळीआधी कमी. त्यात नवल नव्हते. रक्तातले औषध चढते आणि उतरते. नवल हे होते, की दिवेलागणीला तिच्या फोनचा गजर वाजून गेल्यावर, जेव्हा हात पुन्हा कापायला हवा, तेव्हा तो कापत नव्हता. मी कूलरसमोर बसून तिच्या मनगटाकडे पाहत होते. ते दगडासारखे स्थिर होते. मी विचारले, गोळी घेतलीस का?

“घेतो नं.”

“कधी?”

“हा चेहरा झाला का मंग.”

कालची? कालचीही उशिरा. परवाची? ती हसली आणि ब्रश धुवू लागली. परवाची घेतलीच नव्हती. मी हळू आवाजात बोलू लागले, कारण पलीकडच्या खोलीत मामी होत्या. मी तिला जे माहीत होते ते सगळे सांगितले: की शरीर किडनी नाकारते तेव्हा दुखत नाही, आवाज होत नाही, कळते तेव्हा बरेच होऊन गेलेले असते. तिलाही ते ठाऊक होते. रुग्णालयात तिने ते माझ्याहून जास्त वेळा ऐकले होते. तिने माझे बोलणे पुरे होऊ दिले, आणि मग म्हणाली:

“किडनी आईची हाये. हात माहा हाये. मी माह्या हाताचं पाहून राहिली.”

मी वादविवादात सहसा हरत नाही. त्या वाक्यापाशी हरले. तिची सगळी मालमत्ता त्या एका वाक्यात होती. उरलेले सगळे, रक्त, श्वास, वावराच्या बांधावरून पुढे कधी चालेल ती चाल, हे दुसऱ्या कुणाचे तरी देणे होते, आणि ते फेडायला ती जन्मभर वेळेवर गोळ्या घेणार होती. स्वतःचे म्हणून फक्त ते टोक होते, ब्रशाचे.

तेवढ्यात पलीकडून मामींनी आवाज दिला. त्यांना आमच्या बोलण्यातले काही कळले नव्हते. त्या रोज विचारत तसे त्यांनी विचारले होते.

“मंजे, गोळी घेतली काय व?”

ताईने हातातल्या शिपायाकडे पाहिले. त्याला एकच डोळा होता. कूलरची घरघर चालू होती. मग ती म्हणाली, “घेऊन राहिली, आई,” आणि तिने गोळी काढली. घाईत तिने ब्रश धुण्याचाच पेला उचलला. मी तो काढून घेतला आणि चांगल्या पाण्याचा दिला. ती हसली. म्हणाली, रंग प्याली असती तर आतून तरी रंगली असती. गोळी गिळून तिने तो एकडोळा शिपाई पलटणीत परत ठेवला, आणि त्या दिवसापासून तिने गोळी एकदाही चुकवली नाही. मी तिथे होते तोवरचे मी सांगू शकते. नंतरचे तिचे रक्त सांगते. तपासण्या उत्तम येतात.

त्यानंतर काही दिवस ती डोळ्यांच्या वाटेला गेली नाही. पट्टे रंगवले, बंदुका रंगवल्या, शिपायांच्या पायांखालचे तळ काळ्या मातीच्या रंगाने भरले. तिने काढलेले दोन चेहरे सोडले तर सारी पलटण चेहऱ्याविना चटईवर उभी होती. माझ्या जाण्याचा दिवस जवळ येत होता. अशा दिवसांत घरात एक प्रकारची अतिरिक्त सभ्यता येते. कुणी कुणाला टोमणे मारत नाही. मला तिचा एखादा टोमणा हवा होता. शेवटी एका दुपारी तिने ब्रश माझ्यासमोर धरला.

“तूच काढ.”

मी म्हटले, तुझी फौज आहे. राहू दे तशीच, चेहरे नसले तरी लढता येते. ती म्हणाली, आंधळी पलटण घेऊन मी लढू काय? तिच्या आवाजात राग नव्हता. मी ब्रश घेतला.

मी चांगले रंगवते. पहिल्या चिखलातल्या शिपायानंतर मी पद्धतशीर सराव केला होता, आणि तोवर माझा हात बहुधा तिच्या जुन्या हाताच्या तोडीचा झाला होता. पांढरी रेघ, काळा ठिपका; पांढरी रेघ, काळा ठिपका. एकही शिपाई दचकला नाही. ताई शेजारी मांडी घालून बसली होती. माझ्या प्रत्येक शिपायाला नावे ठेवणारी, माझ्या सेनापतीला वरणभात्या म्हणणारी ताई त्या दुपारी एक शब्द बोलली नाही. कूलरचे पाणी संपले तेव्हा फक्त उठून मामांना सांगून आली. शेवटचा डोळा काढून मी ब्रश खाली ठेवला. तिने पलटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

“मस्त झाले,” ती म्हणाली.

ते खरोखरच चांगले झाले होते. आडगाव मात्र आम्ही लढलो नाही. मी निघायच्या आदल्या दिवशी मामांकडे लग्नाचे मोठे काम आले, मग वीज गेली, मग माझे सामान बांधायचे होते. कारणे सगळी खरी होती. निघताना ताईने तिची सगळी फौज खोक्यात भरून माझ्या हाती दिली. म्हणाली, घेऊन जा तुह्याकडं, इथं धूळ बसते. गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी ते खोके मांडीवर घेऊन बसले होते. नंतर जागा झाली तेव्हा शेजारी ठेवले.

सुट्टीत अमरावतीला येते तेव्हा मी कधीकधी दोन्ही फौजा टेबलावर मांडते. एकटीने लढून पाहिले आहे. ते जमत नाही. ज्वारीआड कोणती तुकडी दडली आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. चकवा देणारी मी आणि चकणारीही मीच. निकाल येतो, पण तो प्रयोगाचा निकाल असतो, लढाईचा नाही. ताई आता दुकानात बसते. फुलांची बंदी केव्हाच उठली आहे. हार गुंफायला माणसे आहेत. ती लग्नांच्या सजावटीची कामे घेते, फोनवर साऱ्या जिल्ह्याला झापते, वजन वाढल्याची तक्रार करते. तिला पाहून कुणाला वाईट वाटेल असे काहीही नाही. मला वाटते ते कुणाला सांगण्यासारखे नाही, म्हणून ते मी लिहीत आहे. माणूस वाचला, म्हणजे सगळे वाचले असे मानून आपण पुढे जातो. तसेच मानायला हवे. मामींसमोर बसून दुसरे काही मानण्याचे धाडस कुणी करू नये.

परवा ताई अमरावतीला आली होती. इथल्या एका मंगल कार्यालयाचे काम होते, ते आटोपून जेवायला घरी आली. कूलर नुकताच लावलेला. ती त्याच्यासमोर पाय पसरून बसली, आईशी बोलली, माझ्या प्रबंधाची जाडी पाहून म्हणाली, एवढं लिवलं तर रंगवलं कवा असतं? मग उठून माझ्या खोलीतल्या काचेच्या कपाटाशी गेली. वरच्या फळीवर माझे लाल डगलेवाले, खालच्या फळीवर तिची फौज: घोडदळ, तोफा आणि पांढरी पलटण. मी दार उघडून दिले.

तिने एक पांढरा शिपाई उचलला. हात कापत होता, आता ती तो लपवत नाही. दुसऱ्या हाताने मनगट धरून तिने शिपाई डोळ्यांजवळ नेला आणि खूप वेळ पाहिला. त्याच्या भुवया सरळ होत्या. नजर नेमकी होती, नीटनेटकी, सावध.

“हा तुह्यासारखा पाहते,” ती म्हणाली.

तिने तो जिथून घेतला तिथे ठेवला नाही. वरच्या फळीवर लाल रांगेत बोटाने जागा केली आणि तिथे उभा केला. हात हलल्याने शेजारचा कलला. तो सरळ केला. मग दुसरा पांढरा उचलला. मी पुढे झाले नाही. आईने जेवायला हाक मारली, तरी ती थांबली नाही. एकेक करून सारे वर नेले. फक्त दोन शिपाई तिने दिव्याकडे धरून निरखले, ते दोन, ज्यांच्या भुवया चढलेल्या होत्या, आणि ते खाली तिच्या घोडदळाच्या शेजारी परत ठेवले.

मग तिने काच लावली आणि मला म्हणाली, चाल, जेवू.